फूटपट्टीचं टोक

१

कुंडीतली पट्टी कोणीतरी उपटून नेली होती, आणि उपटणाऱ्याला घाई झाली होती. निदान मला तेव्हा तसं वाटलं.

रविवारी सकाळी मी शेतकरी बाजारात गेले होते ती पालक आणि अळंबी आणायला. अळंबीवालीच्या टोपल्यांमागे, छत्रीच्या दांड्याला टेकवून, एक मातीची कुंडी ठेवली होती. आत मातीऐवजी लाकडाच्या सालीचे तुकडे, त्यातून वर आलेल्या सात-आठ काड्या, एकीलाही पान म्हणून नाही, आणि तरी प्रत्येक काडी फुलांनी भरलेली. फिकट पिवळ्या पाकळ्या, मधली पाकळी पुढे काढलेल्या ओठासारखी, ओठावर जांभळा डाग आणि डागाला पांढरी कड. माझ्या हातून आजवर साधी कोथिंबीर जगलेली नाही, पण त्या फुलांपुढून माझा पाय निघेना.

"हे कसलं झाड?" मी विचारलं.

"फुलाचं," अळंबीवाली म्हणाली आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळली.

एरवी ही बाई मूठभर अळंबीबरोबर ती कशी पुसायची, कशी परतायची आणि शिळी कशी ओळखायची ते सगळं फुकट सांगते. त्या दिवशी तिने तोंडाला कुलूप लावलं होतं. घरचंच आहे मावशी, एवढं पुटपुटली आणि कुंडी कागदात गुंडाळून माझ्या हातात कोंबली.

मी चौतीस वर्षं एका छापखान्यात मुद्रितं तपासली. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, पण ही बातमी माझ्या डोळ्यांपर्यंत अजून पोचलेली नाही. औषधाची बाटली असो की दुकानाची पाटी, अक्षर दिसलं की माझं बोट त्याखालून फिरायला लागतं. चुकीचं छापलेलं तर कोणालाही दिसतं. सुटलेलं दिसायला सवय लागते. घरी येऊन चष्मा बदलला तेव्हा त्या कुंडीतलं सुटलेलं मला दिसलं. सालीच्या तुकड्यांवर हिरवं शेवाळ दाटलं होतं आणि काठाशी त्या शेवाळात एक सरळ, दोन बोटं रुंद फट होती. फटीच्या कडेपर्यंत शेवाळ गच्च, आत काही नाही. तिथे कित्येक वर्षं नावाची पट्टी खोचलेली असणार, आणि ती काढून फार दिवस झालेले नसणार, नाहीतर फट बुजली असती.

चोरलेल्या पुस्तकाचं पहिलं पान फाडतात, हे मी वाचनालयात पाहिलेलं आहे. पहिल्या पानावर मालकाचं नाव असतं.

पण मी स्वतःला आवरलं, कारण एकदा मी चांगलीच तोंडावर आपटलेली आहे. छापखान्यात एकदा शोकसंदेशाची जाहिरात आली होती, 'आमचा दादा गेला'. मी म्हटलं, घरातल्या मोठ्या माणसाबद्दल असं कोण लिहितं, आणि आदरानं दुरुस्ती केली, 'आमचे दादा गेले'. दुसऱ्या दिवशी कळलं की दादा हा त्यांचा कुत्रा होता. घरातले खरे दादा धडधाकट होते आणि सकाळच्या चहाबरोबर त्यांनी स्वतःच्या निधनाची बातमी वाचली. त्यानंतर मूळ प्रत पाहिल्याशिवाय मी एका वेलांटीलाही हात लावला नाही.

म्हणून मी आधी फट नीट तपासली. विणायची सुई आत घातली, तर तळाशी ती कशावर तरी टकटकली. चिमट्याने ओढून काढलं. प्लॅस्टिकचा पारदर्शक तुकडा, एक बाजू घासून टोकदार केलेली, दुसरी बाजू वेडीवाकडी मोडलेली. त्यावर बारीक काळ्या रेघा होत्या आणि तीन आकडे होते. अठ्ठावीस, एकोणतीस, तीस.

२

मंगळवारी मी कुंडी घेऊन रोपवाल्याकडे गेले. पेट्रोल पंपामागे त्याची रोपवाटिका आहे. झाडं विकताना माणूस मुलीची पाठवणी करत असल्यासारखा तोंड पाडून बसतो, त्यामुळे त्याचं फारसं काही खपत नाही. माझ्या हातातली कुंडी पाहिली आणि हा उठून उभाच राहिला.

"कुठून आणलंत?"

बाजारातून, म्हटलं. त्याने भिंग काढलं, फूल उलटं करून पाहिलं, काडी दोन बोटांत धरून दाबली. मग मला बरंच काही ऐकवलं, त्यातलं निम्मं माझ्या डोक्यावरून गेलं. उरलं ते असं. हे ऑर्किड आहे, आणि थंडीत पानं गाळून बिनपानाचं फुलणाऱ्या जातीचं रक्त त्याच्यात नक्की आहे. पण हा पिवळा आणि हा जांभळा त्या जातीत एकत्र येत नाही. कोणीतरी दोन झाडांचा संकर करून हे घरी घडवलेलं आहे. असल्या बीचं रोप फुलावर यायला सात-आठ वर्षंसुद्धा लागतात. कुठल्याच यादीत हे सापडणार नाही, कारण हे पहिल्यांदाच फुललेलं दिसतंय.

"म्हणजे याला नावच नाही?"

"नाव ज्याने घडवलं त्याच्याकडे. ताई, दोन दिवस माझ्याकडे ठेवता? नुसतं बघायला."

हे जरा जास्तच गोड आवाजात आलं. त्याचा हात कुंडीच्या काठावर होता आणि तो काही केल्या निघत नव्हता. मी कुंडी माझ्याकडे ओढली, त्याने तिकडे ओढली नाही पण सोडलीही नाही. माझ्या मनातल्या संशयितांच्या यादीत त्याचं नाव चढलं. मग मी पर्समधून तो तुकडा काढून टेबलावर ठेवला.

तो बघत राहिला आणि हात आपसूक निघाला. म्हणाला, अशा पट्ट्या लावणारा इथे एकच माणूस. शाळेत चित्रकला शिकवायचे. पोरांच्या मोडक्या फूटपट्ट्या गोळा करायचे, मधोमध कापायचे, कानशीने टोक काढायचे आणि कुंड्यांत खोचायचे. फूटपट्टीमास्तर म्हणतात सगळे. ऑर्किडांतलं त्याला जे येतं ते त्यांनीच शिकवलेलं. त्याने पत्ता लिहून दिला, आणि माझं बोट सवयीने ओळीखालून फिरलं तेव्हा तो खजील होऊन हसला.

"जा तुम्ही. पण ते काही सांगू शकणार नाहीत," तो म्हणाला. "चार महिने झाले, त्यांची वाचा गेली आहे."

३

गुरुवारी दुपारी मी मास्तरांच्या दारात उभी होते. मास्तरीणबाईंनी दार उघडलं. ठेंगणी, नीटनेटकी बाई, खांद्यावर नॅपकीन, डोळे जागरणाने लाल. मी कुंडीवरचा कागद काढला आणि सरळ विचारलं, तुमच्याकडून ऑर्किड चोरीला गेलंय का?

बाईंनी फुलांकडे पाहिलं. असं फूल आमच्याकडे कधीच नव्हतं, म्हणाल्या. आणि हरवलेलंही काही नाही. त्यांचा मुलगा आतून एक यादी घेऊन आला. परगावी नोकरी करतो, महिन्याभराची रजा काढून आलाय. त्याने मला मागच्या अंगणातल्या जाळीच्या शेडमध्ये नेलं आणि माझ्यासमोर कुंड्या मोजल्या. सेहेचाळीस. यादीतही सेहेचाळीस. प्रत्येक कुंडीत फूटपट्टीचा तुकडा खोचलेला, त्यावर मास्तरांचं टपोरं, वळणदार अक्षर.

"सगळ्या कुंड्या कॉलेजला द्यायच्यात, म्हणून यादी केली," तो म्हणाला.

मी सांगायला हवं की मला तो आवडला नव्हता. बाप आजारी असताना बापाची झाडं वाटून टाकणारा मुलगा माझ्या संशयितांच्या यादीत वरच्या क्रमांकावर जातो. पण त्याची नखं मातीने काळी होती आणि पाणी घालताना तो प्रत्येक पट्टी वाचून मगच किती घालायचं ते ठरवत होता.

फळीवर एक पत्र्याचा बिस्किटांचा डबा होता. हा कशाचा, मी विचारलं. बाई म्हणाल्या, ह्यांची पद्धत आहे. झाड मेलं की पट्टी काढायची, धुवायची आणि या डब्यात ठेवायची. कुंडी रिकामी करायची, पण पट्टी टाकायची नाही. बोलताना त्यांनी डब्यावर हात ठेवला, आणि झाकण मात्र उघडलं नाही.

तेवढ्यात आतून आवाज आला. जाड, पण स्वच्छ.

"झोपलंय!"

"आले हं," म्हणत बाई धावल्या. मी दारातून पाहिलं. खिडकीशी आरामखुर्चीत मास्तर बसले होते, उजवा हात मांडीवर निर्जीव, डावा हात खिडकीकडे ताणलेला. बाईंनी लगबगीने पडदा ओढला, खोलीत अंधार केला, उशी सारखी केली. झोपा हं आता, म्हणाल्या. मास्तरांनी डाव्या हाताने खुर्चीचा हात दोनदा आपटला. "नको," ते म्हणाले, आणि मान फिरवली.

मुलगा हळूच म्हणाला, "'झोपायचंय' म्हणायचं असतं बाबांना. शब्द वेडेवाकडे येतात. दोनच उरलेत, हा आणि 'नको'. दिवसातून वीस वेळा चालतं हे."

बाई परत आल्या आणि माझ्यासमोर बसल्या. मी परकी होते म्हणूनच बहुधा बोलल्या. आजारानंतर महिना-दीड महिना एक अक्षर नव्हतं. मग एके सकाळी त्या शेडमधला पसारा आवरत होत्या, कचरा पोत्यात भरत होत्या, तर आतून हाक आली. हातातलं सगळं तिथेच टाकून धावल्या.

"किती आनंद झाला म्हणून सांगू. आणि काय, तर झोपायचंय. तेव्हापासून तेच. पडदा ओढ, झोपव. झोपवलं की नको." नॅपकिनाची घडी घातली, मोडली, परत घातली. "इतक्या दिवसांनी माणसानं तोंड उघडावं आणि हे मागावं? मी समजले. ह्यांना आता पुरे झालंय. जगायचंच नाहीये. मग मी कशाच्या जोरावर हट्ट धरू? मुलगा म्हणतो त्याच्या गावी अशा आजाऱ्यांना ठेवायची चांगली सोय आहे, नर्सा आहेत. सोमवारी गाडी येतेय ह्यांना न्यायला."

माझ्या मांडीवर पिवळी फुलं होती आणि पर्समध्ये त्याच घरातल्या पट्टीचं टोक. तरी इथून काही हरवलेलं नव्हतं, आणि बाई खोटं बोलत नव्हत्या. खोटं मला कळतं. मी जायला उठले, तेव्हा सोमवारला चार दिवस उरले होते.

४

शनिवारी मी अळंबीवालीच्या घरी गेले. गवताने भरलेल्या पिशव्या टांगलेली एक दमट खोली, मागे खताचे ढीग. मला पाहून तिचं तोंड उतरलं. बाजार समितीकडून आलात का मावशी, पहिला प्रश्न हाच. बाजाराच्या फाटकावर मोठा फलक आहे, स्वतः पिकवलेलंच विकावं. दुसऱ्याचा माल सापडला तर जागा जाते.

मी नुसती स्टुलावर बसून राहिले. छापखान्यातही मी हेच करायचे. लेखक समोर बसला की शंकेच्या ओळीवर बोट ठेवायचं आणि गप्प राहायचं. तोच बोलतो.

ती बोलली. खतासाठी ती गल्लीगल्लीतून बागेचा कचरा उचलते. लोक पोती फाटकाबाहेर ठेवतात. दोन-अडीच महिन्यांपूर्वी एका पोत्यात वरच ही कुंडी होती, उताणी. पट्टी नव्हती. पान नव्हतं. नुसत्या वाळक्या काड्या.

"टाकणारच होते ढिगावर. पण दाबून बघितलं तर काडी कडक लागली. जीव होता हो त्यात. ठेवली दारात. मग बघता बघता कळ्या. टाकलेलं उचललं, तर चोरी होते का मावशी?"

नाही होत, मी म्हणाले. कुठली गल्ली ते विचारलं. मास्तरांचीच होती.

बसथांब्याच्या बाकावर बसून मी एकेकाला तपासत गेले. मुलाची रजाच महिन्याभराची, म्हणजे तो आलाय महिन्याच्या आत, आणि पोतं दोन-अडीच महिन्यांपूर्वीचं. तो सुटला. रोपवाल्याच्या हाती ही कुंडी लागली असती तर त्याने उशाशी घेऊन झोपवली असती, कचऱ्यात कशाला टाकेल? अळंबीवालीला ती पट्टीशिवायच मिळाली. राहिल्या मास्तरीणबाई. पोतं त्यांनीच भरलं होतं, मला स्वतःहून सांगितलं होतं. मग 'काही हरवलं नाही' हे त्या इतक्या सरळ तोंडाने कशा म्हणाल्या?

बस आली आणि गेली. माझं लक्ष नव्हतं, कारण दोन दिवस मला एक शब्द टोचत होता, दाताच्या फटीत अडकलेल्या सुपारीसारखा.

झोपलंय.

सगळं घर त्या शब्दाची दुरुस्ती करत होतं. 'झोपायचंय' म्हणायचं असणार, जीभ अडखळते. पण अडखळलेला शब्द दर वेळी वेगळा अडखळतो. हा दिवसातून वीस वेळा, दोन महिने, एका मात्रेचाही फरक न होता येत होता. जी चूक दर वेळी अगदी तशीच होते ती बहुतेक चूक नसते. माझ्या डोळ्यांपुढे ते बिचारे दादा उभे राहिले, हातात चहा आणि स्वतःच्या निधनाची बातमी.

पुरुष स्वतःबद्दल 'झोपलंय' म्हणत नाही. 'झोपलोय' म्हणेल. झोपलंय म्हणतात ते बाळाला, मांजराच्या पिल्लाला.

झाडाला.

मी बाकावरून उठले. पुढची बस यायची होती, पण मला थांबवेना, म्हणून चालतच निघाले.

५

रविवारी सकाळी मी मास्तरांच्या घरी गेले. बरोबर अळंबीवाली होती. बाजार बुडवून आली होती आणि सगळ्या वाटेत मला विचारत होती की ओरडणार नाहीत ना. कुंडी फडक्याखाली झाकलेली होती. ओटीवर दोन बॅगा भरून ठेवल्या होत्या, वर मास्तरांचा चष्मा.

"बाई," मी म्हणाले, "तो डबा जरा आणता?"

मुलाने आईकडे पाहिलं, मग तोच जाऊन डबा घेऊन आला. आत पंधरा-वीस पट्ट्या होत्या. यातली सगळ्यात अलीकडची कोणती, मी विचारलं. बाईंनी न बघता हात घातला आणि एक पट्टी बाहेर काढली. पंधरापासून सुरू होत होती आणि सत्तावीसच्या पुढे मोडलेली होती. मी पर्समधला तुकडा तिच्या मोडलेल्या कडेला लावला. सत्तावीस, अठ्ठावीस, एकोणतीस, तीस. दात अन् दात जुळला.

बाईंनी तो जोड माझ्या हातातून घेतला.

"मेलं होतं हो ते," त्या म्हणाल्या. "सगळ्यांना घालत होते तसंच पाणी घातलं त्यालाही. रोज पान गळायचं. शेवटी काड्या राहिल्या. मग ह्यांच्या पद्धतीनं पट्टी काढली. हात इतका कापत होता की मोडलीच."

तर ती घाई नव्हती. हे मी चुकीचं वाचलं होतं, आणि त्याची मला लाज वाटली.

मग मी सांगितलं. मेलेलं झाड हरवलेलं नसतं, म्हणून यादीत सेहेचाळीस आणि कुंड्या सेहेचाळीस, आणि बाई अक्षरशः खरं बोलल्या. पण हे झाड मेलं नव्हतं. या जातीचं रक्त असलेलं झाड थंडीत पानं टाकतं, निपचित पडतं आणि मग फुलतं. आतापर्यंत घरात कोणी ते तसं पाहिलं कसं नाही, एवढं एकच मला कळलेलं नव्हतं.

"माळ्यावर!" बाई एकदम म्हणाल्या. "दर थंडीत एक कुंडी शेडच्या माळ्यावर चढवायचे. मी ओरडायचे, पडाल म्हणून. म्हणायचे, त्याला शांत राहू दे. यंदा त्याआधीच आजारी पडले."

"आणि ज्या सकाळी तुम्ही ते पोत्यात भरत होता," मी म्हणाले, "त्या सकाळी ते खिडकीतून बघत होते. त्यांनी पहिल्यांदा तोंड उघडलं ते तुम्हाला थांबवायला. स्वतःला झोप हवी म्हणून नाही. 'ते झोपलंय, मेलेलं नाही.' त्यातला एकच शब्द बाहेर आला. खिडकीकडे हात करायचे तो शेड दाखवायला, आणि तुम्ही दर वेळी पडदा ओढलात."

मुलगा भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. बाईंनी पदर तोंडावर घेतला, आणि मला वाटलं की मी हे फार पटापट बोलून गेले. अळंबीवालीने पुढे होऊन त्यांच्या पाठीवर हात ठेवला. ओरडणार नाहीत ना, हे ती आता विसरली होती.

थोड्या वेळाने बाईंनी ती मोडकी पट्टी माझ्याकडे दिली. "उलटी करा."

मागच्या बाजूला मास्तरांच्या टपोऱ्या अक्षरात आठ वर्षांपूर्वीची तारीख होती आणि खाली एकच शब्द. 'हिचं.'

"कधी बोलले नाहीत मला. काढून धुतली तेव्हा वाचलं," बाई म्हणाल्या. "माझ्यासाठी आठ वर्षं वाढवलं आणि मी माझ्या हातानं घालवलं, हे कुठल्या तोंडानं सांगू त्यांना? म्हणून लपवलं."

मी फडकं काढलं.

त्यांनी कुंडी स्वतः उचलली. आम्ही मागोमाग गेलो. खोलीत नेहमीचा अंधार होता. बाईंनी एका हाताने पडदा सर्रकन बाजूला केला आणि कुंडी खिडकीच्या कठड्यावर ठेवली, उजेडात.

मास्तर पुढे झुकले. डावा हात उचलला, ओठासारख्या त्या पाकळीजवळ नेला, पण फुलाला लावला नाही. त्यांचे ओठ हलले. एकदा जमलं नाही, दोनदा जमलं नाही. मग आलं.

"उठलं."

"उठायचंय? थांबा हं, धरते," बाई म्हणाल्या आणि सवयीने त्यांचा हात मास्तरांच्या काखेत गेलासुद्धा. मग तो हात तिथेच थांबला. त्यांनी नवऱ्याच्या तोंडाकडे पाहिलं, फुलांकडे पाहिलं.

"नाही," त्या हळू म्हणाल्या. "ते उठलं. ते म्हणताय तुम्ही. झाड."

मास्तरांनी डाव्या हाताने त्यांचं मनगट धरलं. नको म्हणाले नाहीत.

मुलगा ओटीवर गेला. बॅगेची चेन उघडल्याचा आवाज आम्हाला आत ऐकू आला, आणि मग फोनवर तो कोणाला तरी सांगत होता की उद्या गाडी पाठवू नका. बाईंनी खिडकीचा पडदा काढला आणि धुवायला टाकला. त्यानंतर तो परत लागलेला मी पाहिला नाही. कुंडी त्यांनी आपल्याकडेच ठेवली. मला बदल्यात एक साधं, बाळबोध ऑर्किड मिळालं, पट्टीसकट, आणि ते माझ्या हातून अजून तरी जिवंत आहे. अळंबीवाली आठवड्यातून दोनदा शेडमध्ये येते. कुठली काडी कडक आणि कुठली पोकळ, हे तिच्याइतकं कोणाला कळत नाही.

पंधरा दिवसांनी रोपवाला आला. नव्या संकराची नोंद करायचा अर्ज आणला होता आणि मला मुद्दाम बोलावून घेतलं होतं, अर्जात चूक नको म्हणून. फुलाचा रंग झाला, तारीख झाली. मास्तर खुर्चीतून बघत होते.

"नाव काय लिहू?" त्याने विचारलं.

"हिचं," बाई म्हणाल्या.

"हिचं म्हणजे? कोणाचं?"

"माझं," बाई म्हणाल्या, आणि वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी लाजल्या.

त्याने लिहिलं. मी ओळीखालून बोट फिरवलं आणि काही न बदलता अर्ज त्याला परत दिला.